काटा खाली जाऊ न देणारी आत्या

आत्या,

तू गेलीस त्याला अकरा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. पण तुला टाकून बोलायचा हक्क अख्ख्या पाड्यात एकटीला मलाच होता, आणि तो तुझ्याबरोबर संपला असं मला कोणी अजून सांगितलेलं नाही. तेव्हा मी बोलणार. तू जिथे कुठे असशील तिथे तुझ्या कडेवर एखादं पोर असणारच. त्याला जरा खाली ठेव आणि ऐक. हे सगळे दिवस मला एकच गोष्ट हवी होती. जूनमध्ये रेशन दुकानासमोर चारचौघांत मी तुला जे बोलले, ते तू मनात घेऊन गेलीस का, एवढं मला कळायला हवं होतं.

आधी तुझ्या अंत्ययात्रेची गंमत सांगते, कारण ती तुला सांगायला दुसरं कोणी नाही. तुला नेलं त्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हतं. रडारड झाली, आणि मग पोलिसात लागलेला तो चिमाकाकाचा पोरगा, सहा फुटांचा, मिशीवाला, एकदम म्हणाला, "मी तीन वर्साचा व्हतू तवा साडेनऊ किलो व्हतू. बाईनी माना वाचवला." त्याचं ऐकून शेजारचा म्हणाला, "मी नऊ." तिकडून एक म्हातारी झालेली बाई ओरडली, "माझी पोरगी आठ किलो दोनशे, तुमचा काय सांगतांस!" झालं. जो तो उठून आपलं लहानपणचं वजन सांगायला लागला, आणि ज्याचं सगळ्यात कमी त्याचा मान मोठा. ठाण्याहून माझ्याबरोबर आलेली माझ्या कंपनीतली मैत्रीण घाबरून मला म्हणाली, "हे काय चाललंय? ही काय प्रथा आहे का?" मी म्हटलं, हो. काय सांगणार? अंगणवाडीच्या बाईला तीस वर्षांनी दुसरी कुठली श्रद्धांजली मिळणार होती!

मी माझा आकडा सांगितला नाही. सांगितला असता तर त्या दिवशी पहिला नंबर माझाच आला असता. तीन वर्षांची होते आणि आठ किलो भरले होते. तुझ्या तक्त्यावर लाल पट्टीच्याही खाली, जिथे ठिपका द्यायला कागदच उरत नाही, तिथे. दिवाळी झाली की आई-बाबा भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. त्या वर्षी तू वाटेत आडवी उभी राहिलीस आणि मला आईच्या कडेवरून काढून घेतलंस. आईला म्हणालीस, "इटा थाप जा तू. पोरीला मी बघतंय." तुला स्वतःचं पोर नव्हतं, काका लवकर गेले होते, आणि अंगावर पाड्यातली साठ पोरं होती. त्यात मी एकसष्टावी, मुक्कामाला.

त्या दिवसांतलं मला फार काही आठवत नाही, पण वाटी आठवते. दर दोन तासांनी तुझी वाटी यायची. नागलीची आंबील, नाहीतर भातात कुस्करलेलं अंडं, नाहीतर केळं, नाहीतर तो सरकारी पाकिटातला पिवळा शिरा, ज्याला तू गुळाचा खडा घालून माणसांत आणायचीस. मी लपायचे. गोठ्यात, कणगीमागे, एकदा तर तुझ्याच हजेरीच्या कपाटात. तू कपाट उघडलंस, मला बघितलंस, तिथेच मला भरवलंस आणि कपाट पुन्हा लावून घेतलंस. शिमग्यापर्यंत मी दहा किलोची झाले. तू पाड्याला गूळ वाटलास. आई-बाबा पावसाच्या तोंडाला परत आले तेव्हा मी त्यांच्याकडे जाईना, आणि तू मला ढकललंस, आणि मग घरात जाऊन दार लावून रडलीस. हे मला आईने सांगितलं. तू कधी कबूल केलं नाहीस.

तर अशी मी. मोठी झाले, बारावी केली, रमेशशी लग्न झालं, त्याच्या सेंट्रिंगच्या कामामागे ठाण्याला गेले. आरव झाला तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं, हे पोर लाल पट्टीचं तोंड बघणार नाही. आणि नाही बघितलं. आता मागे वळून बघितलं तर कळतं, मी पट्टी बघायचीच विसरले.

पहिलीत असताना मी त्याला डब्यात नागलीची भाकर दिली होती. तूच पाठवलेलं पीठ होतं. पोरांनी विचारलं, "तुझी चपाती जळली का?" भाकर तशीच परत आली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने डबाच नेला नाही. मग ब्रेड-जाम सुरू झाला. मी पॅकिंगच्या कंपनीत सकाळी सातला जायचे, रमेश साइटवर. आरव शाळेतून एकटा घरी यायचा आणि नूडल्स करून घ्यायचा. त्यावर वेफर्स, मग क्रीमची बिस्किटं, मग टीव्हीसमोर कोल्ड्रिंक. मी काही बोलायचे नाही. उलट फळीवर पाकिटांची रांग लावून ठेवायचे आणि कामावरून येऊन ती रांग बघितली की मला बरं वाटायचं. ज्या घरात कधीही हात घातला की खायला मिळतं, असं घर मी लहानपणी बघितलं नव्हतं ना. ते घर मी माझ्या पोराला दिलं. पोर त्या घरात मावेनासं व्हायला लागलं, ते मला बाळसंच वाटलं.

आम्ही सुट्टीत गावी आलो की तू त्याला बघून नाचायचीसच. "हा बघा! याला म्हनतात पोर!" तू त्याला घरोघरी फिरवायचीस. त्याच्या दंडाला तुझी ती मापाची पट्टी पुरली नाही तेव्हा तुझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चाळीस किलोच्या घोड्याच्या गालाला तू काजळाचा टिळा लावायचीस, दृष्ट लागेल म्हणून. आणि त्याला आठवीतल्या पोरी हसायच्या.

मग या जानेवारीत शाळेत तपासणी झाली आणि चिठ्ठी आली. वय नऊ, वजन एकेचाळीस, आणि पुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं, "वजन जास्त." जिना चढताना धाप लागते, रक्त तपासून घ्या, असंही खाली होतं. मी त्या रात्री जेवले नाही. मी चिठ्ठीचा फोटो काढून चुलतभावाच्या मोबाइलवर पाठवला, आत्याला दाखव म्हणून. मला वाटलं, तू वजनातलं जाणतेस, मला धीर देशील, दोन गोष्टी सांगशील.

आणि तू काय केलंस?

तू ती चिठ्ठी घेऊन जीपने जव्हारला गेलीस. डेपोसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती छापून घेतलीस, मोठी करून. लॅमिनेशन केलंस. मोखाड्याला सेविकांची जी महिन्याची बैठक असते, जिथे तुला रिटायर होऊन दोन वर्षं झाल्यावर कोणी बोलावलेलं नव्हतं, तिथे गेलीस आणि सुपरवायझर मॅडमच्या टेबलावर ती चिठ्ठी ठेवलीस. "मॅडम, आमच्या घरातला लाभार्थी. वजन जास्त आलंय. लेखी दिलंय." मॅडम बिचाऱ्या नवीन होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, तुझ्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्या सेविकांनी वाजवल्या. मग तू पाड्यावर येऊन गूळ वाटलास आणि ती चिठ्ठी घरात देवांच्या फळीवर हिरवा देवाशेजारी उभी केलीस.

शिमग्याला मी आले तेव्हा ती तिथे होती, हळदकुंकू वाहिलेली. मी चिठ्ठीकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि माझा संताप संताप झाला.

"आत्या, हा आजार आहे!"

"कसला आजार? जास्त लिवलाय. मी वाचलाय ना."

"जास्त म्हणजे वाईट."

तू माझ्याकडे असं बघितलंस जसं मीच शुद्धीवर नाही. "मंगल, तीस वर्सा मी वजना केली. माझ्या कागदावर कमी हाय, लई कमी हाय. जास्त कवा आला नाय. एकदा आला, तर तू वाईट म्हनतस?"

तुझ्या सगळ्या आयुष्यात काटा वर गेला की पोर जगायचं आणि खाली गेला की पोर जायचं. तुला तिसरं काही कोणी शिकवलंच नव्हतं. पण मला तेव्हा हे सुचलं नाही. मी फक्त ओरडले. म्हणाले, "तू लाड केलेस म्हणून झालं हे." आणि तू शांतपणे म्हणालीस, "मी वर्सातून दोनदा बघतंय त्याला. बाकीचा कोन घालतो खायाला?" तो वाद अजून तसाच पडला आहे, आत्या. लाड तुझे की पाकिटं माझी? मला वाटायचं दिवाळीत परत भांडू आणि निकाल लावू.

पण तू हट्टी असलीस तरी ऐकणारी होतीस, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "सुट्टीला सोड पोराला माझ्याकं. कमी करायाचाय ना? करतंय." तुझा चेहरा असा होता की मी तुला कोणाचा तरी जीव घ्यायला सांगितला आहे.

एप्रिलमध्ये मी त्याला सोडायला आले. तू पहिलं काम काय करावंस? तुझा तो जुना लटकता काटा, ऑफिसने मोडीत काढलेला आणि तू मागून घेतलेला, तो आंब्याच्या फांदीला बांधलास. म्हणालीस, सुरुवातीचं वजन आपल्या हातानं घ्यायचं, शाळेच्या डॉक्टरचा काय भरोसा. मी म्हटलं, आत्या, त्या काट्यावर पंचवीसच्या पुढे आकडे नाहीत. तू म्हणालीस, "जाईल तवढा जाईल." लुगड्याची झोळी केलीस, आरवला त्यात बसवलंस आणि सोडलंस. फांदी वाकली, स्प्रिंग करकरली, काटा गर्रकन फिरून पुन्हा शून्यापाशी येऊन अडकला, आणि आरव झोळीसकट जमिनीवर बसला. पाड्यातली सगळी पोरं हसून हसून लोळली. आरव रडेल म्हणून मी धावले, तर तो म्हणाला, "आजी, परत!" तो काटा तेव्हापासून रिकामा टांगला तरी पाच किलो दाखवतो. तू तो नव्या सेविकेला द्यायला निघाली होतीस, म्हणत होतीस, "बरा झाला. आता पाड्यात कोन लाल राहनार नाय." मी हिसकावून घेतला नसता तर दिलाही असतास.

मग तू आणि आरव, अडीच महिने. मी ठाण्याला. मला फोनवर जेवढं कळायचं तेवढं कळायचं. पहिल्या आठवड्यात तो रोज रडला, वेफर्स पाहिजेत म्हणून. दुकानात वेफर्स होते, पण तू दुकानदाराला सांगून ठेवलं होतंस की ह्या पोराला विकलंस तर तुझ्या पोरांची लहानपणची वजनं मी बाजारात सांगेन. तो भ्यायला. दुसऱ्या आठवड्यात आरव पाड्यातल्या पोरांबरोबर करवंदांना गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला फोन करून सांगितलं की चिंबोरी कुठून पकडायची म्हणजे चावत नाही. चौथ्या आठवड्यात फोनच केला नाही. तू त्याला भूक लागेपर्यंत काही द्यायची नाहीस, असं नंतर त्याने सांगितलं. तुझ्यासारख्या बाईला, दर दोन तासांनी वाटी घेऊन धावलेल्या बाईला, ते किती जड गेलं असेल, हे मला आत्ता कळतंय. आरव म्हणाला, "आजी वाटी घेऊन बाहेर यायची, माझ्याकडे बघायची आणि परत आत जायची. मग स्वतःच खायची."

जून उजाडला, शाळा सुरू झाली, आणि आरव यायला तयार नाही. का, तर तेरा व्हायचा आहे, पावसाळ्यातली पहिली रानभाजी खायचा सण. तेऱ्याची पानं उगवली होती, अळूसारखी हिरवीगार, घराच्या मागेच, पण पाड्याने ठरवलेल्या दिवशी देवाला दाखवल्याशिवाय कोणी ती तोंडात घालत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. आरवला माहीत नव्हतं. ज्या पोराने आजवर खायच्या कुठल्याही गोष्टीसाठी पाकीट फाडण्यापलीकडे वाट बघितली नव्हती, ते पोर रोज सकाळी त्या पानांपाशी जाऊन उकिडवं बसायचं आणि विचारायचं, "आज?" आणि तू म्हणायचीस, "थांब रं. देवाला दावल्याबगर नाय खायाचा." पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी दिवस दोनदा पुढे ढकलला. मी फोनवर तुझ्याशी भांडत होते, पोराची शाळा बुडते म्हणून, आणि तू म्हणत होतीस, "तेरा झाल्यावर ये." शेवटी तेरा झाला. आरव सांगतो की त्याने त्या दिवशी भाजीची एकच वाढ घेतली आणि खूप हळू खाल्ली. मला ते पटत नव्हतं. आता पटतं.

दुसऱ्या दिवशी मी आले. आणि इथे माझी लाज सुरू होते.

मी घाईत होते. बुडालेला पगार, बुडालेली शाळा, चिंब झालेली चप्पल. मी पोराकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, आधी वजन. रेशन दुकानाच्या मोठ्या काट्यावर, तांदळाच्या गोणीशेजारी, त्याला उभं केलं. रेशनचा दिवस होता, निम्मा पाडा रांगेत होता. काटा थांबला: चाळीस किलो आठशे.

"अडीच महिन्यांत दोनशे ग्रॅम?" मी म्हटलं.

तू खाली बघितलंस. "तवढाच झाला."

आणि मी सुटले. काय काय बोलले ते तुलाही माहीत आहे, रांगेतल्या सगळ्यांना माहीत आहे. तुला वाढवण्यापलीकडे काही येतच नाही. तुझ्याकडे ठेवणं हीच चूक. पोराची शाळा घालवलीस, पोराची तब्येत घालवलीस, पुन्हा कधी पाठवणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तू मला उलट उत्तर दिलं नाहीस, आणि मला त्यातही कळलं नाही की काहीतरी आहे. आरव माझा हात ओढत होता. मी त्याला ओढत जीपमध्ये बसवलं. तू दुकानापाशीच उभी होतीस.

घरी ठाण्याला पोहोचलो, आणि आरवने त्याची ती सहा खिशांची चड्डी काढायला घेतली. ही चड्डी सेलमधून मीच आणली होती, शहरातली फॅशन म्हणून. त्याने एकेका खिशातून दगड काढून टीव्हीशेजारी ओळीने मांडले. नदीतले गोटे, गुळगुळीत, छान निवडलेले. सगळे मिळून दीड किलो भरले, मी खालच्या वाण्याकडे जाऊन वजन केलं. वाण्याने विचारलं, "काय भाव लावलाय?"

"हे काय आहे?"

"आजीने दिलेत. म्हणाली, ठाण्याला गेल्यावर काढ."

हळूहळू सगळं बाहेर आलं. काट्यावर जाण्याआधी तू त्याला दोन तांबे पाणी आणि वर आंबील पाजली होतीस. मे महिन्यातच पोर किलोभर उतरलं होतं आणि तू तो आकडा बघून जेवली नव्हतीस. त्याला जवळ घेऊन तू म्हणाली होतीस, "माझ्याकं आलेला पोर कमी होऊन परत गेला नाय आजवर. पाड्यात काय तोंड दावू?" माझं ऐकायचंही होतं आणि ते तुला सहनही होत नव्हतं. म्हणून तू त्याला खरोखर कमी केलंस, आणि मग चारचौघांसमोर ती कमी दगडांनी भरून काढलीस. असली चूक या जगात फक्त एक रिटायर अंगणवाडी बाईच करू शकते. मी हसले, आत्या. आधी इतकी हसले की रमेश धावत आला. मग मला रडू फुटलं.

त्याच वेळी तुला फोन करायचा होता. चुलतभावाचा नंबर लावायचा आणि म्हणायचं, आत्या, माझं चुकलं. इतकं सोपं होतं. पण मी तुझीच वाढवलेली, मला वाकायला वेळ लागतो. म्हटलं, फोनवर काय माफी मागायची, दिवाळीला जाऊ, समोर बसून मागू, तिला गोटे परत देऊ, थोडी थट्टा करू. जुलै गेला, गणपती गेले, दसरा गेला. साडेतीन महिने मी तुझ्याशी बोलले नाही. आणि दिवाळीला आठ दिवस असताना तू गेलीस, भाताच्या कापणीवरून येऊन ओटीवर बसलीस ती उठलीच नाहीस.

ह्या अकरा दिवसांत मला एकच गोष्ट खात होती. जिने मला आठ किलोवरून उचलून माणसांत आणलं, ती बाई असं समजून गेली की आपल्या हातून एका पोराचं वाईट झालं. आणि असं समजायला लावलं मी.

काल तुझं घर आवरायला घेतलं. तुझ्या घरकुलाच्या आतल्या खोलीचं दार कायम भिंतीला टेकलेलं असायचं, त्याच्या मागे झाडू असायचा. मी झाडू घ्यायला दार ओढलं. दाराच्या मागच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, खडूने वाढीचा तक्ता काढलेला होता. तुझ्याच अक्षरात. वर नाव: आरव रमेश. मला आधी कळेना, काहीतरी चुकीचं वाटत होतं. मग लक्षात आलं. तू आकडे उलटे लिहिले होतेस. एकेचाळीस अगदी तळाला, त्याच्यावर चाळीस, त्याच्यावर एकोणचाळीस, आणि वर वर जाऊन, दाराच्या अगदी वरच्या कडेपाशी, सदतीस. तळाची पट्टी लाल खडूची होती, मधली पिवळी, वरची हिरवी. आणि ठिपके खालून सुरू होऊन वर चढत गेले होते. आरवचं वजन कमी होत होतं आणि तुझ्या दारावर ते डोंगर चढत होतं.

ठिपके जूनमध्ये थांबले नव्हते. पुढे जुलै होता, ऑगस्ट होता. दर रविवारचा एक.

मी आरवला हाक मारली. तो आला, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग रमेशही आला आणि त्यानेही घातली. दर रविवारी बापलेक केस कापायला म्हणून जायचे, आणि मला प्रश्न पडायचा की ह्या पोराचे केस इतके कसे वाढतात. सलूनशेजारच्या मेडिकलमध्ये वजनाचं मशीन आहे. वजन करायचं, रमेशच्या फोनवरून तुला सांगायचं. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"आजी म्हणाली, आईचा राग गेला की ती स्वतः करेल फोन. तोवर आपण वर जाऊ."

"आणि आजी... रडायची का रे? मी बोलले त्याबद्दल?"

आरवने मान हलवली. "नाही. ती म्हणायची, तुझी आई लहान होती तेव्हा कपाटात लपायची. आत्ताही लपलीये. येईल बाहेर." मग म्हणाला, "आणि प्रत्येक रविवारी म्हणायची, ब्येस. आज पन वर गेलास."

मी तिथेच जमिनीवर बसले, तुझ्या झाडूशेजारी, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा मला पोटभर रडता आलं. आपण चुकलो असं समजून तू गेली नव्हतीस. तुला कळलं होतं. तुला कळायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट मला लागला, आणि तू वाट बघत बसलीस, मला भूक लागेपर्यंत.

शेवटच्या दोन रविवारांचे ठिपके नव्हते. एका रविवारी तू गेली होतीस, आणि दुसऱ्या रविवारी फोन कोणाला करायचा हे आरवला कळलं नाही. म्हणून आज सकाळी मी त्याला घेऊन रेशन दुकानात गेले. आज रेशनचा दिवस होता, रांग होती, आणि सगळे तेच होते. त्याला काट्यावर चढवलं. छत्तीस किलो नऊशे. मी मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि म्हटलं, "हे माझ्या आत्याने केलंय." कोणीतरी मागून विचारलं, "कमी झाला ना गं? मंग रडतस का?"

घरी येऊन तुझ्या दारावर मी ठिपका दिला, आत्या. हात पुरेना इतका वर होता. पाट घ्यावा लागला.